आबांचं वळणदार अक्षर

वाघदरे ग्रामस्थ मंडळाच्या पन्नासाव्या वर्षी ऑर्केस्ट्रा आणायचा असं जवळजवळ ठरलं होतं. ते मोडून काढलं ज्ञानदानं. ती मंडळाच्या अध्यक्षांची, श्रीरंग पाटलांची मुलगी. विरारच्या एका शाळेत मराठी आणि इतिहास शिकवायची. तिशीला टेकली होती, बोलायला चुरचुरीत होती, आणि जुन्या कागदांचा तिला कॉलेजात असल्यापासून नाद होता. मंडळाच्या बैठकीत ती उभी राहिली आणि म्हणाली, "ऑर्केस्ट्रा दुसऱ्या दिवशी कोणाच्या लक्षात राहत नाही. आपण गावाचे कागद मांडू. प्रत्येक घरातले."

"कसले कागद?" कोणीतरी विचारलं. "आमच्या घरात लाइटबिलं हायती फक्त."

"तीच हवीत. जुनी."

वाघदरे हे जावळीच्या डोंगरातलं गाव. कोयनेच्या फुगवट्यातून लाँचनं जायचं आणि मग चढ चढायचा. तिथली अर्धी माणसं मुंबईत माथाडीला लागली, काही गिरणीत, काही बंदरात. नव्वदनंतर मुंबईतल्या खोल्या पुरेनाशा झाल्या, तशी एकेक करत घरं विरारला फुलपाड्यात येऊन राहिली. दर रविवारी कोणाच्या तरी गच्चीवर मंडळाची बैठक भरायची, आणि वर्षातून एकदा देवीच्या नावानं भंडारा. डोंगरातलं गाव रिकामं होत होतं आणि फुलपाड्यात भरत होतं. त्या मधल्या काळातलं काही हाताला लागावं, अशी ज्ञानदाची मनापासून इच्छा होती. नंतर जे झालं त्यामुळे तिची ती इच्छाच खोटी होती असं कोणी म्हणू नये.

२००२च्या मे महिन्यात ती गावाला जाऊन राहिली. घरोघर फिरली. लोकांनी कागद कुठे कुठे ठेवले होते! बिस्किटांच्या डब्यात, देव्हाऱ्याच्या फळीखाली, एका घरात तर चुलीच्या वर टांगलेल्या बांबूच्या नळीत. धुरानं कसर लागत नाही म्हणून. मनिऑर्डरच्या पावत्या होत्या, त्यांच्या खालच्या चिमुकल्या जागेत 'पैका पोचल्याचे कळवणे, म्हस व्याली का' एवढाच मजकूर. देवीची लस टोचल्याच्या चिठ्ठ्या होत्या, रॉकेलची कार्डं, लाँचची तिकिटं, जत्रेतल्या तमाशाचं गुलाबी कागदावरचं हँडबिल. एका म्हातारीनं नवऱ्याचं गिरणीतलं ओळखपत्र काढून दिलं आणि देताना त्याच्यावरची धूळ पदरानं पुसली.

ज्ञानदा प्रत्येकाला हातानं पावती लिहून द्यायची, कागद परत करायचा शब्द द्यायची. शाळेत तिच्याबरोबर काम करणाऱ्या, वसईजवळच्या सांडोरच्या व्हेरोनिका टीचरनं तिला बजावून पाठवलं होतं की, लॅमिनेशन करायचं नाही, चिकटपट्टी लावायची नाही, नुसत्या स्वच्छ पाकिटात ठेवायचं. त्याप्रमाणे तिनं सगळं निगुतीनं केलं. कागदांना तिनं ओरखडाही उमटू दिला नाही.

मग तिनं स्वतःच्या घरातली पेटी उघडली.

तिचे आजोबा, आबा, गावचे पाटील होते. ती जन्मायच्या आधीच गेले. पण त्यांचं दप्तर गावच्या घरी राहणाऱ्या काकीनं जसंच्या तसं राखलं होतं. आबांचं अक्षर वळणदार, ठसठशीत, रेघेवर मांडून ठेवल्यासारखं. त्या दप्तरात तिला एक माफीनामा सापडला. १९६१ सालचा. तिनं पडवीत बसून तो वाचला आणि ती इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं.

"काय गं गावलं येवढं?" काकी चुलीपाशी होती.

ज्ञानदानं तिला मोठ्यानं वाचून दाखवला. काकी हसली नाही. भाकरी थापायची थांबली आणि म्हणाली, "ह्यो नको नेऊस. मानसं हायती त्येंची."

"कोणाची, काकी?"

"मला काय ठावं." काकीनं तव्यावरची भाकरी उलटली.

ज्ञानदानं पुन्हा विचारलं असतं तर काकीनं सांगितलं असतं. हे ज्ञानदाला तेव्हाही कळत होतं, आणि कळत होतं म्हणूनच तिनं विचारलं नाही. कागद फार छान होता. माणूस कोण ते कळलं असतं तर तो ठेवून यावा लागला असता. विरारला परत आल्यावर तिनं त्यातल्या नावावर पांढऱ्या कागदाची पट्टी ठेवली, चिकटवलीसुद्धा नाही, पाकिटात नुसती सरकवली. झालं, आता कोणाचंच नाव नाही, असं तिनं स्वतःला समजावलं आणि मनातून विषय काढून टाकला.

सव्वीस जानेवारीला रविवार आला होता. विरार पूर्वेला एक हॉल घेतला होता. भिंतींच्या कडेनं बोर्ड उभे केले होते आणि त्यांवर गावाचे कागद. सकाळपासून माणसं बोर्डांपुढे दाटीवाटीनं उभी होती. आपल्या बापाचं अक्षर ओळखून एक ट्रकड्रायव्हर ओक्साबोक्शी रडला. पोरं आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावरचं 'वर्तणूक: बरी' वाचून खिदळत होती. श्रीरंगराव लेकीकडे बघून लोकांना म्हणत होते, "सगळं हिनं केलंय. एकटीनं."

हॉलच्या मागच्या बाजूला भंडाऱ्याचा स्वयंपाक चालू होता, आणि तिथे हरिभाऊ होते. मंडळाचा भंडारा म्हटला की स्वयंपाकाला हरिभाऊ, हे वर्षानुवर्षांचं ठरलेलं. साठीचे, माथाडीतून निवृत्त झालेले, काटक अंगाचे. उन्हाळा असो की थंडी, पूर्ण बाह्यांचा सदरा. ते पंगतीला कधी बसत नसत. सगळ्यांची जेवणं झाली की भांडी मोजून द्यायची आणि घरी जायचं. लहानपणापासून ज्ञानदानं त्यांना असंच पाहिलं होतं. त्यांची नात उन्नती ज्ञानदाच्याच वर्गात, आठवीत होती. त्या दिवशी ती आजीबरोबर, सावित्रीबाईंबरोबर, पुढच्या रांगेत नवा ड्रेस घालून बसली होती.

दुपारी, पंगतीआधी, ज्ञानदानं स्टेजवर निवडक कागद वाचून दाखवले. मनिऑर्डरीवरचे मजकूर वाचले, तेव्हा बायकांनी डोळे टिपले. तिला समजलं की आता लोकांना हसवायला हवं. तिनं माफीनामा उचलला.

"आता एक गंमत," ती म्हणाली. "नाव सांगणार नाही. ऐका. 'लिहून देणार अमुक बिन तमुक, वय अंदाजे अठरा, धंदा खाणे.'"

पहिल्याच ओळीला हशा आला. ज्ञानदा थांबली, हशा ओसरू दिला आणि आवाजात थोडं रडवेपण आणून पुढे वाचू लागली.

"'लिहून देतो ऐसा जे, काल देवीच्या भंडाऱ्यात पंगत बसण्याआधी मला भाताचा वास सोसला नाही. सबब मी पातेल्यासह पळालो. पातेले गरम आहे हे मला पळताना समजले.'" पुन्हा हशा. "'ओढ्यात घसरलो. भात माशांनी खाल्ला, मार मी खाल्ला. पातेले मात्र शाबूत आहे.'" आता हॉल गदगदत होता. "'येथून पुढे भंडाऱ्याच्या दिवशी मी देवळाच्या खालच्या अंगाला, वारा बघून बसेन, म्हणजे मला वास येणार नाही. सबब मला माफी असावी.'"

तिसऱ्या रांगेतले एक म्हातारबाबा मांडीवर थाप मारून उठले. "आरं, ह्यो तर रामजीचा हऱ्या!" ते ओरडले. "अवो हरिभाऊ! पातेलं कुटं ठेवलंसा मग?"

छत उडेल असं हसू फुटलं. सगळ्या माना मागे वळल्या. स्वयंपाकाच्या दारात हरिभाऊ उभे होते, खांद्यावर टॉवेल, हातात भाताचा झारा. वाचन ऐकायला म्हणून ते दारापर्यंत आले असणार. मग त्यांनी झारा काखेत धरला, दोन्ही हात जोडले, हसले आणि म्हणाले, "व्हय. म्याच त्यो." आणि आत गेले.

ज्ञानदानं कागद खाली ठेवला. पण समोर सगळे हसत होते, आणि माइक हातात होता. तीही हसली. पुढे कितीतरी दिवस तिला दुसरं काही नाही, एवढंच आठवत राहिलं, की आपण हसलो होतो.

पंगती उठल्या. हरिभाऊंनी भांडी मोजून दिली. कोणी त्यांच्या पाठीवर थाप मारली, कोणी म्हणालं, "काय हरिभाऊ, आज तरी भात नीट राखलात ना?" त्यावर ते मान हलवून हसत राहिले. श्रीरंगराव माफीनाम्याचं पाकीट चार माणसांना दाखवत होते. "आमच्या आबांचं अक्षर बघा. मोती नुसते." ज्ञानदानं स्वतःला सांगितलं, बघ, त्यांनीही मनावर घेतलेलं नाही. पुढच्या रांगेतल्या दोन खुर्च्या मात्र कधीच्या रिकाम्या झाल्या होत्या.

त्या आठवड्यात उन्नती पहिले दोन दिवस शाळेत आली, मग यायची थांबली. ज्ञानदानं हजेरीत गैरहजेरी मांडली आणि फार विचार केला नाही, किंवा करायचं टाळलं. शुक्रवारी स्टाफरूममध्ये व्हेरोनिका टीचर तिच्याजवळ येऊन बसली.

"तुझ्या वर्गातली उन्नती का येत नाही, माहितेय तुला?"

"आजारी असेल."

"आजारी नाही. मधल्या सुट्टीत तुमच्या गावातली पोरं डबे उचलून छातीशी धरतात. 'सांभाळा रे, आली,' म्हणतात. फळ्यावर पातेल्याचं चित्र काढलं होतं. मी पुसलं." व्हेरोनिकानं हातातली पुस्तकं बाजूला ठेवली. "आमच्याकडे चर्चमध्ये जुनी बुकं आहेत, कोणाचा बाप कोण, कोणाचं लग्न का मोडलं, सगळं लिहिलेलं. फादर ती कोणालाही उघडून देत नाहीत. मला वाटायचं, जुन्या वळणाचे आहेत. तू त्या माणसाला विचारलं होतंस का गं आधी?"

"मला नाव माहीत नव्हतं," ज्ञानदा म्हणाली.

"नाव कागदावर होतं ना?"

होतं. पट्टीखाली 'हरी बिन रामजी' असं स्वच्छ लिहिलेलं होतं. गावात हरी नावाची चार माणसं असतील, रामजी तीन. एवढ्यावर कोण ओळखणार, असं म्हणता आलं असतं.

शनिवारी दुपारी शाळा सुटल्यावर ती फुलपाड्याला गेली. माफीनाम्याचं पाकीट पर्समध्ये घेतलं होतं. हरिभाऊंना देऊन टाकायचं, फाडा म्हणाले तर त्यांच्यासमोर फाडायचं, असं ठरवलं होतं. इमारतीचा जिना चढून तिनं बेल वाजवली. दार हरिभाऊंच्या मुलानं, सिद्धेशनं उघडलं. कंपनीचा गणवेश अजून अंगावरच होता. तिला बघून त्यानं दार पूर्ण उघडलं नाही.

"काय राहिलंय का अजून वाचायचं?"

"सिद्धेशदादा, मी माफी मागायला..."

"माफी लिहून आणलीय का? आमच्याकडं लिहून घ्यायची पद्धत नाही, मॅडम. ती तुमच्या घरात."

"आत येऊ दे रं तिला," आतून हरिभाऊंचा आवाज आला. "दारात नको."

सावित्रीबाईंनी पाण्याचा तांब्या ठेवला आणि त्या भिंतीला टेकून बसल्या. उन्नती आतल्या खोलीत होती. पडद्याखालून तिचे पाय दिसत होते. हरिभाऊ बाहीच्या बनियनवर कॉटवर बसले होते. ज्ञानदानं त्यांना आयुष्यात पहिल्यांदा सदऱ्याशिवाय पाहिलं. दोन्ही हातांच्या आतल्या बाजूला, मनगटापासून कोपरापर्यंत, कातडी चुरगळून पुन्हा बसवल्यासारखी झाली होती. तिची नजर तिथे गेली आणि तिला ती काढून घेता येईना.

"पातेलं गरम व्हतं," हरिभाऊ म्हणाले. "ते कागदात खरं लिवलंय."

"भाऊ, मला माहीत नव्हतं हो."

"बस."

ती बसली. हरिभाऊंनी पाण्याचा तांब्या तिच्याकडे सरकवला. मग सावित्रीबाईच बोलल्या, ज्ञानदाकडे न बघता. "चाळीस वरसं झाली लग्नाला. ह्ये कदी भंडाऱ्याला जेवले न्हाईत. म्या इचारायचे, तर म्हनायचे, पंगतीतलं मला मानवत न्हाई. मला वाटायचं, पोटाचं काय असंल." त्यांनी पदर खांद्यावर ओढून घेतला. "मला हॉलात कळलं. सगळ्यांच्या बराबर."

ज्ञानदानं पर्समधून पाकीट काढलं आणि कॉटवर ठेवलं. "हा घ्या. तुमचा आहे. ठेवा, नाहीतर फाडून टाका. मी कोणालाही..."

हरिभाऊंनी पाकीट हातात घेतलं. उलटसुलट करून बघितलं. मग खाली जो जांभळट अंगठा उठला होता त्याच्यावर बोट ठेवलं.

"ह्यो माझा," ते म्हणाले. "बाकी काय लिवलंय, मला वाचता येत न्हाई. तवाबी येत नव्हतं."

अंगठा ज्ञानदानं पाहिला होता. बोर्डावर लावताना, पाकिटात सरकवताना, स्टेजवर हातात धरताना, प्रत्येक वेळी पाहिला होता. अंगठा करणाऱ्या माणसानं 'सबब' आणि 'ऐसा जे' लिहिलं नसणार, एवढं सुचायला एम.ए. व्हावं लागत नव्हतं. तिला वाटलं होतं की त्यानं सांगितलं आणि आबांनी उतरून घेतलं.

"भाऊ, 'धंदा खाणे' हे तुम्ही..."

"म्या काय सांगनार? म्या चावडीवर हुबा व्हतो, हात भाजलेलं. म्या म्हनलं, भैन बाळंतीण हाय, घरात काय न्हाई. त्या साली आमच्या बाची वर्गणी न्हाई गेली, म्हनून आमाला पंगतीत जागा नव्हती. तिच्यापुरता भात मागितला, तर कुनी दिला न्हाई. म्हनून उचललं. एवढंच सांगितलं म्या." त्यांनी पाकीट खाली ठेवलं. "तुझ्या आज्यानं लिवलं आन् मग वाचून दाखिवलं समद्यांना. लोक हसायला लागले तवा मला कळलं, ह्यानं कायतरी येगळं लिवलंय."

पडद्याखालचे पाय हलले नाहीत.

"परवा म्या दारात आलो," हरिभाऊ पुढे म्हणाले, "आन् आवाज ऐकला. बाईचा आवाज, पर वाचनं त्येच. तुझा आजाबी असाच वाचायचा. थांबून थांबून. लोकांना हसाया जागा ठेवून."

ज्ञानदाला तिथून उठून जावंसं वाटलं. जमिनीत गडप व्हावं म्हणतात तसलं काही नाही, नुसतं उठून जिना उतरून जावं, एवढंच. तिला आबा माहीत नव्हते. आबांकडून तिच्याकडे काय आलं असेल असं कोणी विचारलं असतं तर तिनं अभिमानानं सांगितलं असतं, वाचनाची आवड, अक्षर.

"मी हे लिहून काढू का, भाऊ?" ती म्हणाली. "तुम्ही आत्ता सांगितलंत ते. कागदाला जोडून ठेवते. म्हणजे पुढे कोणी वाचलं तर..."

"नको."

"पण मग नुसतं आबांचंच राहील."

"ऱ्हाऊ दे. माझं कागदावर नको. एकदा कागदावर गेलं की कुनाच्या हाती लागंल सांगता येतंय का?" ते रागानं बोलत नव्हते, आणि तेच तिला सोसत नव्हतं. "फाडूबी नको. फाडून काय, लोकांचं हसून झालंय. तू ह्ये घिऊन जा. आन् त्या पोरीचं काय करायचं ते बग. ती साळंला जात न्हाई म्हनती."

ज्ञानदानं पाकीट उचललं. दारापाशी सिद्धेश उभा होता. "मॅडम," तो हळू म्हणाला, बापाला ऐकू जाऊ नये अशा बेतानं, "तुम्ही लोकांनी सगळ्या गावाचं जपून ठेवलं म्हणे. आमच्या घरातनं तुम्ही एकपण कागद नेला नव्हता. आमच्याकडं नव्हताच. तरी आमचाच सगळ्यात जास्त चालला."

ती घरी आली आणि वडिलांना सगळं सांगितलं. श्रीरंगरावांनी चष्मा काढला.

"पुढच्या बैठकीत मी उभी राहून सांगणार आहे," ती म्हणाली. "की ते शब्द हरिभाऊंचे नव्हते. आबांचे होते."

"आबांचं नाव चारचौघांत काढणार तू?"

"हरिभाऊंचं काढलंच की."

"ते अजाणतेपणी झालं. हे तू जाणून करणार आहेस." त्यांचा आवाज चढला. "त्या काळात पाटलाला गाव राखावं लागायचं. सगळ्यांना सोडलं असतं तर देवीचा भंडारा राहिला असता का? आणि त्यांनी पोलिसात दिलं नाही, हसण्यावारी नेलं. त्यात त्यांचा चांगुलपणाच होता."

"बाबा, त्यांचे हात पाहिलेत का तुम्ही?"

श्रीरंगराव चष्म्याची काच पुसू लागले. मग म्हणाले, "माहीत आहेत मला ते हात. मी तेव्हा नऊ-दहा वर्षांचा होतो. चावडीवर मीपण होतो." आणि आतल्या खोलीत निघून गेले. हसले होते का, हे ज्ञानदानं विचारलं नाही. तिला उत्तर माहीत होतं, आणि ते उत्तर आपल्याही घरचंच आहे हेही.

रविवारी बैठक भरली. हरिभाऊ आले नव्हते, सिद्धेशही नाही. विषयपत्रिकेवर हॉलचं भाडं आणि खुर्च्यांचा हिशोब होता. ते झाल्यावर ज्ञानदा उभी राहिली. तिनं रात्रभर वाक्यं जुळवली होती. पण हरिभाऊंनी जे लिहू नको म्हटलं ते बोलायचं तरी कसं, हे तिला उभं राहिल्यावर समजेना. बहिणीचं सांगता येत नव्हतं, वर्गणीचंही नाही. ते त्यांचं होतं. म्हणून ती एवढंच म्हणाली, "मी जो माफीनामा वाचला त्यातले शब्द माझ्या आजोबांचे होते. हरिभाऊंना लिहिता येत नव्हतं. आजोबांनी त्यांची टिंगल केली होती, आणि मी ती सगळ्यांसमोर पुन्हा केली. माझं चुकलं. कोणाची पोरं उन्नतीला चिडवत असतील तर त्यांना थांबवा."

गच्चीवर चहाचे कप फिरत होते. एकदोघांनी माना खाली घातल्या. त्या दिवशी मांडीवर थाप मारणारे म्हातारबाबा म्हणाले, "आगं पोरी, जाऊ दे. जुनी गोष्ट. हरिभाऊ काय मनावर घेनाऱ्यातला हाय व्हय?" कोणी म्हणालं, "पाटलांच्या घरातली असून बोलली, मोठ्या मनाची हो." एका बाईनं तिचा हात दाबला. ज्ञानदाला वाटलं, हेही आपल्याच पदरात पडलं. उठताना तिच्या लक्षात आलं की, गच्चीवरच्या माणसांना आता ती आधीपेक्षा जास्त आवडू लागली होती.

वडील खालमानेनं हिशोबाचे कागद गोळा करत होते. त्यांनी तिच्याकडे बघितलं नाही. त्या वर्षाअखेर त्यांनी तब्येतीचं कारण देऊन अध्यक्षपद सोडलं.

पोरांचं चिडवणं कमी झालं. पुरतं थांबलं नाही. व्हेरोनिका आणि ज्ञानदा मधल्या सुट्टीत आळीपाळीनं वर्गावर थांबू लागल्या. उन्नती यायला लागली, पण मागच्या बाकावर बसायची, हात वर करायची नाही. ज्ञानदाचा तास असला की वहीत मान घालून असायची. पूर्वी हीच पोरगी इतिहासाच्या तासाला प्रश्न विचारून विचारून जीव नकोसा करायची. ज्ञानदानं एकदा तिला व्हरांड्यात थांबवलं आणि म्हणाली, "उन्नती, मला बोल काहीतरी. रागाव हवं तर."

"नाही मॅडम," उन्नती म्हणाली. "घरी सांगितलंय, बोलायचं नाही."

ज्ञानदानं कागद घरोघर परत केले. काही फुलपाड्यातच, काही मे महिन्यात गावाला जाऊन. माफीनामा ज्या दप्तरातून काढला होता त्यात तिनं ठेवला नाही. काकीपुढे पाकीट धरून ती म्हणाली, "तू सांगितलं होतंस." काकी म्हणाली, "सांगितलं व्हतं. म्याबी नाव सांगायला पायजे व्हतं. सासऱ्याचं लिवलेलं, म्हनून गप बसले." पाकीट अजून ज्ञानदाकडेच आहे. त्याच्यासोबत दुसरा काहीही कागद नाही. हरिभाऊंचा तेवढा शब्द तिनं पाळला.

पण ती गावाला जाण्याआधी, एप्रिलच्या अखेरीला, निकाल लागल्यावर सिद्धेश शाळेत आला होता. उन्नतीचा दाखला काढायला. शाळा लहान होती, कारकून रजेवर होते. दाखला वर्गशिक्षिकेनंच लिहायचा होता. सिद्धेश टेबलाच्या पलीकडे उभा राहिला. बस म्हटलं तरी बसला नाही.

ज्ञानदानं नाव लिहिलं, जन्मतारीख लिहिली, शब्दांत आणि अंकांत. वर्तणूक: उत्तम. अभ्यासातील प्रगती: उत्तम. मग पुढचा रकाना आला. शाळा सोडण्याचे कारण.

तिचं पेन थांबलं.

"काय लिहू?" तिनं विचारलं.

सिद्धेश तिच्याकडे बघत होता. "तुम्हाला लिहिता येतं मॅडम. तुम्हीच लिहा."

बाहेर मैदानावर पोरांचा गलका चालू होता. ज्ञानदानं मान खाली घातली आणि लिहिलं, 'पालकांच्या विनंतीवरून.' अक्षर सुरेख आलं, वळणदार, रेघेवर मांडून ठेवल्यासारखं. तिनं शिक्का मारला, सही केली आणि शाई वाळायची वाट न बघता कागद टेबलावरून पुढे सरकवला. सिद्धेशनं तो नीट घडी घालून खिशात ठेवला आणि निघून गेला.